अकरा शेर ज्वारी आणि धर्मराजाचं जावळ

चैत्र शुद्ध ७, रविवार. अंतरवाली.

जालन्याला मिडलची परीक्षा पास झालो तवा ही वही घेतल्ती, ती आजवर कोरीच पडली. आज लिहायला काढली, कारण आज जी फजिती झाली ती तोंडानं कुणाला सांगण्यासारखी न्हाई.

आक्का धावड्याहून आली. बरोबर तिची सासू तुळजाबाई आणि माझा भाचा धर्मराज, वय वर्ष दीड. मी येशीपर्यंत सामोरा गेलो. धुतलेलं धोतर, नवा पटका, मिशीला तूप लावून पीळ दिलेला. ही मिशी दिवाळीपर्यंत नुसती लव हुती आणि पाच महिन्यांत अशी भरली की बाजारात माणसं वळून बघतात. गाडीपाशी गेलो, वाकलो आणि "या धर्मराज!" म्हणलं. पोरानं असा टाहो फोडला की बैलं बिचकली.

"ऊन लागलं असंल," आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील, आबाराव. घरात सावलीत नेलं, मी परत वाकलो, परत टाहो. दिवाळीला आल्तं तवा हेच पोरगं माझ्या मांडीवर दोन दोन तास झोपायचं. आता काय बिनसलं कोण जाणे.

हा नुसता लाडाचा मामला असता तर मी वही काढली नसती. आक्काची पहिली दोन लेकरं जगली न्हाईत. ह्या वक्ती तिनं देवीला बोलून ठिवलं की हे लेकरू वाचलं तर त्याचं जावळ, म्हणजे जन्मापासूनचे केस, तुझ्या माळावर जत्रंत, मामाच्या मांडीवर बसवून उतरवीन. जत्रा एकादशीला भरती, पुनवंला उठती. आणि सख्खा मामा मी एकटाच. माय गेली तवा मी पाच वर्षांचा, आक्का अकराची. तिची कंबर मोडायची, पण तिनं मला कडेवरून खाली ठिवलं न्हाई. तिच्या लेकराला माझी मांडी नको असंल तर ह्या मांडीचं मी करू काय, पोळ्या लाटू?

संध्याकाळी तुळजाबाई सगळ्यांदेखत बोलल्या, "मामाला बघून असं करतंय, तर वस्तरा बघून काय करंल? रडून रडून झटका आला म्हंजी? सख्खा न्हाई तर चुलत. मांडी मामाची असल्याशी मतलब." आणि त्यांनी बद्रीनाथाकडं बघितलं. बद्री माझा चुलतभाऊ. पोरगं त्याच्या कडेवर बसून त्याचा गाल चापटत हुतं.

बद्रीचा बाप गेल्या साली वारला. तवा रिवाजाप्रमाणं त्यानं मिशी काढली, ती परत ठिवलीच न्हाई. बाप जिता असताना आमच्यात कुणी मिशीला वस्तरा लावत न्हाई. लावला तर लोक दारात रडायला येतात. तर ह्या बद्रीला मिशी न्हाई, रुबाब न्हाई, आणि पोरगं त्याच्याच अंगावर! लपून गूळ चारत असंल. उद्यापासून बारीक लक्ष ठिवतो.


शुद्ध ९, मंगळवार

गूळ सापडला न्हाई.

दोन दिवसांत मी खुळखुळा वाजवला, मोर झालो, बेडूक झालो, कुत्र्यासारखा भुंकलो. खरं कुत्रं आलं, पोरगं गप झालं न्हाई. मंग आक्काच्या मागं उभा राहून नुसतं तोंड काढून "भॉक" केलं. त्यानं तर धर्मराजाचा श्वासच अडकला. तुळजाबाईंनी मला पाणी आणायच्या निमतानं हिरीवर धाडलं.

पण आज दुपारी एक चमत्कार झाला. सोसाट्याचं धुळीचं वारं सुटलं. मी पटक्याचा शेव, म्हणजे मोकळं टोक, नाकातोंडावर गच्च गुंडाळून ओसरीवर बसलो. पोरगं रांगत आलं, माझ्या मांडीवर चढलं आणि गुमान बसलं! माझी बोटं धरली, हसलं बी. वारं पडलं, मी शेव सोडून आनंदानं "शाब्बास!" म्हणलं, तर लागलंच रडायला.

आक्का दारातून बघून राह्यल्ती. जवळ आली. "मच्छू, एक सांगू का रं..." म्हणाली. मंग तिनं आबाकडं बघितलं, आबा जितेजागते खाटंवर घोरत हुते, आणि तिनं तोंडाला पदर लावला. "जाऊ दे. आबाला उदंड आयुष्य मिळू दे," म्हणाली आणि आत गेली. बहुतेक जत्रंतून लुगडं पायजे असंल, मागायला लाजली.

मी मातर विचार केला. वारं हुतं तवर पोरगं खूश, वारं थांबलं की रडू. म्हणजे लेकराला वारं मानवतं. जत्रंत उंट येतो, रहाटपाळणा येतो, लाकडी घोड्याची चक्री येती. वाऱ्यात बसवायचं म्हणलं तर ह्याच तीन गोष्टी. त्यातली एक बराबर निवडायची, मामाबरोबर बसवायचं, मामाची गोडी लावायची, मंग पुनवंला जावळ. मिडल पास असण्याचा असा उपयोग हुतो.


शुद्ध ११, गुरुवार

जत्रा भरली. पण दीड वर्षाचं लेकरू एकदम कशावर बी चढवायचं म्हणजे बेअकली. आधी तजुर्बा पायजे, आपल्या अंगावर करून बघितलेला.

म्हणून काल दुकानदाराच्या काट्यात धर्मराजाला आक्काकडून बसवून घेतलं. भरला अकरा शेर. तेवढीच ज्वारी पोत्यात भरली, पोत्याला गळ्यापाशी सुतळी बांधून डोकं केलं आणि वरून धर्मराजाची कुंची घातली, म्हणजे वारं कुठून शिरतं ते बी कळावं. पोतं कडेवर घेतलं आणि माळावर गेलो.

पहिला उंट. उंटवाल्याला विचारलं, "दीड वर्षाच्या लेकराला चालंल का?" त्यानं कुंचीकडं बघितलं न्हाई, "बिलकुल चालंल" म्हणाला. बसलो. उंट उठताना आधी मागनं उठतो, ही गोष्ट कुणी मला सांगितल्ती न्हाई. मी उंटाच्या मानंवर आलो आणि पोतं डोक्यावरून खाली गेलं. खाली एक म्हातारी हुती, तिनं किंकाळी फोडली, "आगं माय, लेकरू पडलं!" पन्नास माणसं जमा झाली. म्हातारीनं पोतं उचलून छातीशी धरलं, कुंची बाजूला केली, आणि मंग मला जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं न्हाई. उंट बाद.

दुसरा रहाटपाळणा. उंच लाकडी चाक, चार पेट्या, दोन गडी हातानं फिरवणार. पोतं मांडीवर घेऊन बसलो. खालून वर जाताना बरं वाटलं. टोकाला गेल्यावर पेटी थांबली, कारण खाली माणसं चढून राह्यल्ती. मी खाली बघितलं. हे बघायला नको हुतं. डोळे मिटले आणि पोतं आवळून धरलं, ते इतकं की सुतळी तुटली. अकरा शेर ज्वारी वरून खाली. खालच्या पेटीत नवरानवरी बसल्ती, त्यांना वाटलं कुणी अक्षता टाकून राह्यलं. त्यांनी वर बघून हात जोडले. उतरून मी खांबाला मिठी मारली. बद्री तिथंच हुता. "मामा, लेकरू सांडलं जणू," म्हणाला. मी रिकामं पोतं खांद्यावर टाकून वाट धरली. रहाटपाळणा बी बाद. (लेकराला उंची सोसायची न्हाई. माझा काही सवाल न्हाई.)


शुद्ध १२, शुक्रवार

सापडलं!

देवळासमोरच झुंबरबाईची चक्री हाय. मधी खांब, त्याला आडव्या बल्ल्या, म्हणजे वासे, बल्लीला जोडीनं दोन दोन लाकडी घोडे. झुंबरबाईचे दोन दीर धक्का देऊन फिरवतात. घोड्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर. म्हणजे पडलं तरी बसल्यासारखंच.

पोत्यात नवी ज्वारी भरून नेल्ती. सगळे घोडे आळीपाळीनं बघितले. काळा कुरकुरतो. पांढऱ्याला एक कान न्हाई, लेकरू इचारात पडंल. तांबडा उत्तम: पाठ रुंद, धरायला मूठ, चाल मऊ. तांबड्यावर मी आठ खेपा बसलो. नंतरच्या चार खेपांची तशी गरज न्हवती.

झुंबरबाई पन्नाशीची, पान खाणारी बाई. कमरंवर हात ठिवून बघत हुती. म्हणाली, "मामा, इतक्या वर्षांत लई लेकरं बसली, पण पोत्याला आणून बघणारा तुमीच."

मी सगळी हकीकत सांगितली. तिनं माझ्याकडं बघितलं, मान वाकडी करून परत बघितलं. "घोडा कोणता बी चालंल," म्हणाली. "लेकराला पुढं तोंड करून बसवा आणि तुमी तुमचं तोंड पुढं काढू नका. एवढं ध्यानात ठिवा."

बाई धंद्यातली हाय. पुढं वाकलं तर घोड्याचा तोल जात असंल. ध्यानात ठिवलं.


शुद्ध १४, रविवार

आज दोन गोष्टी झाल्या, एक लई चांगली आणि एक लई वाईट.

सकाळी धर्मराजाला तांबड्या घोड्यावर बसवलं. आक्कानं त्याला पुढं तोंड करून दिलं, मी मागं, दोन्ही हातांनी धरलेलं. चक्री फिरली. आणि पोरगं खिदळायला लागलं! घोड्याच्या मानंवर थापा मारून राह्यलं, "हॉ हॉ" करून राह्यलं. पाच खेपा झाल्या, उतरंना. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. आक्का खाली उभी राहून हात हलवत हुती आणि मी बी हात हलवला. तिच्या कडेवर बसून मी ह्याच माळावर फिरल्तो.

मला वाटलं आता फत्ते. तसंच उचलून देवळात नेलं. आमचा न्हावी कारभारी पाट मांडून तयार हुता. मी मांडी घालून बसलो, धर्मराज मांडीवर. कारभारीनं पुढं येऊन कातर वाजवली. पोरगं दचकलं, लपायला माझ्याकडं वळलं, वर बघितलं, आणि मंग जे रडलं! पुढं कातर, मागं मी. निळंकाळं पडलं. पाय झाडून सुटलं आणि जाऊन बद्रीच्या पायाला मिठी मारली. एक केस कापला गेला न्हाई.

तुळजाबाईंनी फैसला दिला. "बास. उद्या पुनव. उद्या बद्रीनाथाच्या मांडीवर." आबांनी मान डोलावली. करणार काय? लेकराचा हाल त्यांनी बी बघितला.

आक्का देवळामागं जाऊन डोळे पुसत हुती. मी गेलो तर म्हणाली, "राहू दे रं मच्छू. बद्री बी आपलाच हाय." ती असं म्हणाली तवाच मला जास्ती लागलं. आक्कानं मला कधी "राहू दे" म्हणलेलं न्हाई. मी ज्वारीचं पोतं घेऊन घरी आलो. भाकरी गेली न्हाई. घोड्यावर पाच खेपा हसलेलं पोरगं देवळात का रडतं? तिथं वारं न्हाई म्हणून. दुसरं काय असणार?


पुनव, सोमवार

आज सगळं नीट लिहितो.

सकाळीच आबापुढं उभा राहिलो. म्हणलं, "जावळ चक्रीवर करू. पोरगं घोड्यावर रडत न्हाई."

आबांनी चिलीम खाली ठिवली. तुळजाबाई म्हणाल्या, "जावळ काय खेळ हाय? देवीच्या समोर पायजे!" तर झुंबरबाई, जिला मी सगळं समजावून बरोबरच आणल्ती, ती म्हणाली, "देवळात एकदाच समोर बसाल. माझ्या चक्रीवर दर खेपंला कळसाचं दर्शन. मोजून घ्या."

आबांनी चिलीम झाडली. मंग म्हणाले, "देवी समोर हाय, मांडी मामाची हाय. नवसात जमीन थांबलेली पायजे असं कुठं हाय? न्हाई जमलं तर बद्री हायेच." आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी पटका घट्ट केला.

कारभारी तयार व्हईना. "चाळीस वर्षं हजामत केली, पण गिऱ्हाईक फिरत नसतं," म्हणाला. शेवटी आबांनी दरडावलं तवा तो कातर घेऊन शेजारच्या पांढऱ्या घोड्यावर चढला. वस्तरा झुंबरबाईनं काढून घेतला, म्हणाली हा थांबल्यावर मिळंल. मी तांबड्यावर, पुढं धर्मराज, त्याच्या ओटीत खोबऱ्याची वाटी. खाली सारी जत्रा गोळा झाली. उंटवाला बी उंट घेऊन आला.

चक्री हळू फिरली. पहिल्या खेपंला कळस आला तसं कारभारीनं एक बट कापली. धर्मराज "हॉ हॉ". दुसऱ्या खेपंला दुसरी. आक्का खाली पदर पसरून पळत हुती, खेपंगणिक बट झेलून. कारभारीचं तोंड पिवळं पडलं, पण हात चालू हुता. अर्ध्या डोक्याचं झालं, पोरगं रडलं न्हाई. मला वाटलं हसतंय का नुसतं गप बसलंय, बघावं तर खरं. म्हणून मी जरा पुढं वाकलो.

त्याच वक्ताला उंट ओरडला. झुंबरबाईचे दीर दचकले आणि त्यांनी जोराचा धक्का दिला. कारभारी माझ्या अंगावर आला. कातर वाजली. नाकाखाली गार लागलं.

चक्री थांबली. कारभारी घोड्यावरून उतरून जमिनीच्या पाया पडला, मंग माझ्याकडं बघून त्यानं परत जमिनीकडं बघितलं. माझी डावी मिशी, पीळ आणि तुपासकट, आक्काच्या पदरात पडल्ती.

अर्धी मिशी घेऊन माणूस जगू शकत न्हाई. झुंबरबाईनं कारभारीला वस्तरा दिला. मी घोड्यावरच बसून राहिलो, डोळे मिटून, आणि उजवी बी गेली. तुळजाबाईंनी कपाळाला हात लावला, "अवो, व्याही जिते असताना!" मी आबाकडं बघायची हिंमत केली न्हाई.

तेवढ्यात अंबडचे एक वळखीचे पाव्हणे गर्दीतून वाट काढत आले आणि माझ्या पायाला मिठी मारून रडायला लागले. "मच्छिंद्रा, कळवायचं तरी रं! कवा झालं? लई देव माणूस हुता आबाराव!" त्यांच्यामागं आणखी चौघं. एक बाई तर माझ्या मायचं नाव घेऊन सूर काढायला लागली. आबा शेवचिवडा खात त्यांच्या मागंच उभे हुते. त्यांनी सगळं शांतपणानं ऐकून घेतलं. मंग पाव्हण्याच्या खांद्यावर हात ठिवून म्हणाले, "आणखी काय काय चांगलं हुतं त्याच्यात?" पाव्हणा मागं वळला आणि तिथंच बसला. त्याला पाणी मारावं लागलं.

हसून हसून जत्रा लोळली. आबा हसले तसा माझ्या जिवात जीव आला. ते मोठ्यांदा म्हणाले, "ऐका सगळे! मी हाय! मिशी पोरानं देवीला वाहिली. भाच्याच्या जावळाबरोबर मामाची मिशी. ह्याला दोष न्हाई!" तुळजाबाईंनी देवळाकडं हात जोडले आणि बास झालं.

आणि आता खरी गोष्ट. ह्या सगळ्या गोंधळात धर्मराज मान वळवून माझ्याकडं बघत हुता. एकटक. त्यानं हात वर केला, माझ्या ओठावर ठिवला, चाचपला, आणि हसला. मंग खोबऱ्याची वाटी माझ्या तोंडात कोंबली, माझ्या छातीवर डोकं टेकवलं आणि झोपला. राहिलेलं अर्धं डोकं कारभारीनं देवळात वस्तऱ्यानं उतरवलं, माझ्या मांडीवर. पोरगं जागं झालं न्हाई. बद्रीनं मधी हात पुढं केले, "दे, तुझी मांडी अवघडली असंल." मी म्हणलं, "राहू दे."

आक्का समोर बसल्ती. एकाच फडक्यात जावळ आणि मिशी बांधली आणि देवीपुढं ठिवली. आधी रडली, मंग हसली, मंग दोन्ही करायला लागली. मांडीला मुंग्या आल्या तरी मी हललो न्हाई.


वद्य ३, गुरुवार

आक्का आज गेली. तीन दिवस पोरगं माझ्या अंगावरून उतरलं न्हाई. जेवायला मांडीवर, हिरीवर कडेवर. गाडी निघाली तसं माझ्याकडं बघून परत तसंच रडलं, पण आज दोन्ही हात माझ्याकडं करून. मी येशीच्या पुढं लई लांब गाडीमागं गेलो. परत येताना कुणी भेटू नये म्हणून रानातून आलो.

निघताना आक्का म्हणाली, "मच्छू, आखितीच्या सणाला धावड्याला ये. आणि असाच ये हां." मी म्हणलं, असाच म्हणजे मोकळ्या हातानं कसा येईन?

आता पुढच्या मामांच्या उपयोगाला तजुर्बा लिहून ठिवतो. दीड वर्षाच्या लेकराला उंट नको, रहाटपाळणा नको. लाकडी घोडा, त्यात बी तांबडा. पोराला एकदा घोडा मानवला की मामा आपोआप मानवतो, हे मी डोळ्यानं बघितलं.

धावड्यात चक्री न्हाई, म्हणून आज सुताराला तांबडा घोडा करायला सांगितला. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अजून पंधरा दिवस हायेत. कारभारी म्हणतो माझी केसाची जात जोमाची, तवर मिशी बऱ्यापैकी भरंल. तूप लावून, पीळ देऊन जाईन, म्हणजे लेकराला आपला मामा लांबूनच ओळखू यील.